बिजागरी, अंगठा की मनगट?

नॉर्बर्ट झास्ट्रोच्या उजव्या हाताची तर्जनी त्याचं ऐकत नव्हती. बाकीची नऊ बोटं सरळमार्गी होती. ही एकच वाया गेलेली.

धनुष्य ताणून दोरी गालाशी टेकली, धनुष्यावरच्या नेमाचा हिरवा टिपका निशाणाच्या जवळ सरकला, की अजून वीतभर अंतर बाकी असतानाच ती चापावर झडप घालायची. बाण गेलेला असायचा आणि नॉर्बर्ट मागे राहिलेला असायचा. विस्कॉन्सिनच्या त्या भागात या दुखण्याला 'निशाणाचा धसका' म्हणत, आणि तो झालेल्या माणसाकडे लोक खरूज झालेल्या माणसाकडे बघावं तसं बघत. म्हणजे सहानुभूतीने, पण चार हात लांबून.

आता हा चाप म्हणजे काय, ते सांगायला हवं. हल्लीच्या, टोकांना चाकं असलेल्या धनुष्याची दोरी कोणी बोटांनी ओढत नाही. हातात मावेल एवढं एक यंत्र असतं, त्याच्या आकड्यात दोरी अडकवायची, ओढायची आणि वेळ आली की चाप दाबून आकडा उघडायचा. त्याला रिलीज म्हणतात. एवढीशी वस्तू, पण लिटल ऑटर गावात तिच्यावरून बोलणं बंद झालेली सख्खी भावंडं होती.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी नॉर्बर्टचे सासरे ऑर्विल यांनी आपल्या शेतावर कागदी ताटाची परीक्षा ठेवली. वीस पावलांवर गवताच्या गठ्ठ्याला जेवणाचं कागदी ताट खिळलेलं. तीन बाण ताटात बसले तरच यंदा त्यांच्या रानात मचाणावर बसायचं. हा नियम नवा होता आणि तो कोणामुळे निघाला, हे सगळ्यांना ठाऊक होतं. गेल्या हंगामात नॉर्बर्टच्या तर्जनीने एका हरणावर अशीच झडप घातली होती. बाण मागे, पोटात लागला. दोन दिवस नॉर्बर्ट, त्याची बायको लोर्ना आणि म्हातारा मेपलच्या पानांवरचे लाल ठिपके शोधत हिंडले. ओढ्यापाशी ठिपके संपले. हरीण सापडलं नाही. म्हातारा सबंध वाटेत एक अक्षर बोलला नव्हता. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर नॉर्बर्टला बरं वाटलं असतं.

त्या रविवारी नॉर्बर्टचा पहिला बाण ताटाच्या खाली गेला, दुसरा वर, आणि तिसरा थेट ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात. टायर बराच वेळ सुस्कारा टाकत राहिलं.

"जावईबापू," ऑर्विल म्हणाले, "हंगाम सुरू व्हायच्या आदल्या शनिवारी आणखी एक संधी. नाहीतर यंदा तुम्ही घरी बसून बटाटे सोला."

बटाटे सोलायला नॉर्बर्टची हरकत नव्हती. पण तो विमा कंपनीत गारपिटीने फुटलेल्या छपरांची नुकसानी ठरवायचा. कुठलं छप्पर किती वर्षांनी गळेल हे तो रस्त्यावरून सांगत असे. अशा माणसाला स्वतःचं बोट कधी हलेल ते सांगता येऊ नये, हे त्याच्या जिवाला लागलं.

सोमवारी तो मर्ना स्टुब्लॅस्कीच्या धनुष्यांच्या दुकानात गेला. मर्ना ही साठीची धिप्पाड बाई. गिऱ्हाइकाने तोंड उघडण्याआधी ती त्याच्या खांद्यांकडे बघून निदान करायची.

"धसका," ती म्हणाली.

"थोडासा," नॉर्बर्ट हळूच म्हणाला.

"थोडासा धसका आणि थोडीशी गरोदर, असं काही नसतं." तिने काचेखालून एक पितळी आकडा काढला. त्याला चाप नव्हता, बटण नव्हतं, काहीच नव्हतं. "हा बिजागरीचा. हा दाबायचा नाही. पाठ आवळत ओढत राहायचं. मूठ केसभर फिरते, बिजागरी वळते आणि आकडा आपोआप सुटतो. कधी, ते तुला कळता कामा नये. कळलंच नाही तर घाबरशील कशाला?"

"पण कधी सुटणार ते कळणार नाही म्हणजे—"

"म्हणजे कळणार नाही. आधी आठवडाभर नुसत्या सुतळीच्या फासावर सराव कर. धनुष्याला हात लावायचा नाही. ऐकतोयस?"

नॉर्बर्ट ऐकत होता. पण मर्यादित वेळ हातात असलेला सुशिक्षित माणूस दुसऱ्याचा सल्ला जितका ऐकतो, तितकाच. घरी आल्या आल्या त्याने परसात निशाण लावलं, बिजागरी दोरीत अडकवली आणि ओढली.

दोरी अर्ध्यात असतानाच ती सुटली. नॉर्बर्टची स्वतःची मूठ नॉर्बर्टच्या स्वतःच्या ओठावर आदळली. इतक्या जोराने त्याला आजवर कोणी मारलं नव्हतं. बाण निशाणावरून गेला, तारेच्या कुंपणावरून गेला आणि शेजारच्या जीन पावलाकच्या पोहण्याच्या तलावाच्या भिंतीत घुसला. तलाव म्हणजे परसात उभं केलेलं प्लास्टिकचं मोठं पिंप. त्यात जीन स्वतः फुगवलेल्या गादीवर बिअरचा डबा पोटावर ठेवून उताणा पडला होता.

क्षणभर सगळं शांत होतं. बाणाने भोक पाडलं होतं आणि बाणानेच ते बुजवलं होतं. पाणी नुसतं पाझरत होतं.

"नॉर्बर्ट," जीन गादीवरून न हलता म्हणाला, "बाणाला हात लावू नकोस."

पण नॉर्बर्ट सभ्य माणूस. दुसऱ्याच्या भिंतीत आपला बाण राहू देणं त्याला बरं दिसेना. तो रक्ताळलेल्या ओठाने "सॉरी, सॉरी" म्हणत कुंपण ओलांडून गेला आणि त्याने बाण उपटला.

आधी धार आली, मग भिंत उसवली. पाणी कुंपणाखालून झास्ट्रोंच्या टोमॅटोंत शिरलं आणि तिथून तळघराच्या खिडकीत. जीन गादीवर तसाच उताणा, हळूहळू, इभ्रतीने खाली खाली येत गेला आणि शेवटी तळाला टेकला. बिअर मात्र सांडली नव्हती. जीन पुढे बोलायला राजी झाला तो त्यामुळेच.

दुसऱ्या दिवशी गावकचेरीतल्या बाई आल्या. त्यांच्या अंगात कसलाही राग नव्हता. रागावलेल्या अधिकाऱ्याला समजावता येतं, बिनरागाच्या पुढे इलाज नसतो.

"परसात बाण मारायला बंदी नाही," त्या म्हणाल्या. "पण निशाणामागे गवताच्या गठ्ठ्यांची भिंत हवी आणि दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांची संमती हवी. दर वर्षी नव्याने."

"एकाचा तलाव मी कालच फोडलाय," नॉर्बर्ट म्हणाला.

"मग आधी दुसऱ्याकडे जा," बाईंनी सल्ला दिला आणि तळघरात डोकावून "अरेरे" म्हणून त्या गेल्या.

दुसऱ्या बाजूला राहायचे लूथरन चर्चचे पाद्री हाल्वरसन. उंच, मृदू, आणि गावातले सर्वांत अचूक नेमबाज. त्यांनी नॉर्बर्टचा सुजलेला ओठ बघितला, त्याला कॉफी दिली आणि स्वतःच्या खणातून एक रिलीज काढून त्याच्यापुढे ठेवला.

"अंगठ्याचा," ते म्हणाले. "मुठीत धरायचा. अंगठा खुंटीवर टेकवायचा आणि प्रार्थनेसारखा सगळा हात हळूहळू आवळायचा. बिजागरी ही गर्विष्ठ माणसाची वस्तू आहे, नॉर्बर्ट. संमती देतो. पण हा वापरायचा."

जीन पावलाकने दार उघडलं तेव्हा हात पुढे करण्याऐवजी त्याने आकडा आणि चाप लोंबणारा एक चामडी पट्टा पुढे केला. "मनगटी. माझ्या बापाचा नव्हे, घाबरू नकोस, गेल्या वर्षीचाच आहे. मुठीतल्या वस्तू मचाणावरून पडतात. हा मनगटाला बांधला की पडतोय कशाला? पाद्रीबाबांचं ऐकू नकोस, त्यांच्या वस्तू पडल्या तर देव झेलतो. तुझ्या कोण झेलणार?"

"जीन, पण माझं दुखणं तर्जनीचंच आहे. याचा चाप तर्जनीनेच—"

"तलाव," जीन म्हणाला.

नॉर्बर्टने पट्टा घेतला.

अशा रीतीने नॉर्बर्ट झास्ट्रो तीन धन्यांचा नोकर झाला. संध्याकाळी डावीकडच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत जीन असला की मनगटी पट्टा. उजवीकडे वरच्या मजल्यावर पाद्रीबाबा प्रवचन लिहीत असले की अंगठा. ओलसर तळघरात, सुतळीच्या फासावर, बिजागरी. पहारा लोर्नाकडे होता. ती मागच्या पायरीवर बसायची. पाद्रीबाबा खिडकीत दिसले की भजन गुणगुणायची, जीन दिसला की बिअरचा डबा फोडायची.

"रोज तीन डबे होतात माझे," ती तक्रारीने म्हणाली. "जीन फार वेळा पाणी प्यायला येतो."

तळघरातला सराव सर्वांत अवघड. नॉर्बर्ट सुतळी ओढत उभा राहायचा आणि बिजागरी सुटायची वाट बघायचा. वाट बघता बघता त्याच्या कपाळावर घाम यायचा. आता सुटेल. नाही. आता. नाही. हे सुटणं कधी आहे एवढं कोणी सांगितलं असतं तर त्याने महिन्याचा पगार दिला असता.

"कधी कधी करू नकोस रे," लोर्ना जिन्यावरून म्हणाली. "बाळंतपणासारखं आहे ते. मी तुला विचारत होते का, कधी? मी श्वास घेत होते. कधी, कधी, तूच ओरडत होतास."

नॉर्बर्टने श्वास घेतला. सुतळी सुटली तेव्हा तो श्वासाचाच विचार करत होता. त्याला इतका धक्का बसला की तो खाली बसला. मग उठून त्याने पुन्हा तेच केलं.

एका संध्याकाळी लोर्नाने भजनही सुरू केलं आणि डबाही फोडला. दोन्ही शेजारी दोन्ही बाजूंनी एकदमच कुंपणाशी आले होते. नॉर्बर्टच्या मनगटावर पट्टा होता, मुठीत अंगठ्याचा होता आणि खिशातून बिजागरीची पितळी शेपटी बाहेर आली होती.

"हे काय?" पाद्रीबाबा म्हणाले.

"हे काय?" जीन म्हणाला.

"तुलना," नॉर्बर्ट म्हणाला. कपाळावरचा घाम पुसायला हात मोकळा नव्हता.

दोघे कुंपणावरून एकमेकांशी जे भांडले ते अंधार पडेपर्यंत. नॉर्बर्ट मध्ये उभा होता, पण त्याला कोणी काही विचारत नव्हतं. शेवटी एवढं ठरलं की शनिवारच्या परीक्षेला दोघांनीही हजर राहायचं. नॉर्बर्टने बोलावलं नव्हतं, पण जखमी माणसाला रुग्णवाहिकेत कोण बसणार हे विचारत नाहीत.

शनिवारी ऑर्विलच्या अंगणात कागदी ताट चमकत होतं. ट्रॅक्टर दुसरीकडे हलवला होता. नॉर्बर्टने रेषेवर उभं राहून खिशात हात घातला तेव्हा जीन आणि पाद्रीबाबा दोघेही पुढे वाकले. बाहेर आली बिजागरी. मागून एक "अं!" आणि एक "प्रभो!" ऐकू आलं.

पहिला बाण कधी गेला ते नॉर्बर्टला कळलं नाही. ताटात होता. दुसरा गेला तेव्हा तो श्वास सोडत होता. ताटात. तिसऱ्याला बिजागरी अडून बसली. टिपका ताटावर भुंग्यासारखा फिरू लागला, चाप नसतानाही तर्जनी उगाच वळवळू लागली. नॉर्बर्ट ओढत राहिला. डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि बाण सुटला.

तो ताटाच्या कडेला, निळ्या पट्टीवर लागला होता.

"बाहेर," जीन म्हणाला. आपला पट्टा न वापरणाऱ्याला तो दया दाखवणार नव्हता.

ऑर्विल चालत गेले. त्यांनी वाकून कड बघितली, चष्मा काढून पुन्हा बघितली.

"रस्सा कडेवर सांडला," ते म्हणाले, "तर लोर्नाची आई तो ताटात धरायची की टेबलावर?"

"ताटात," लोर्ना म्हणाली. "पुसून घ्यायला लावायची."

"मग ताटात," म्हातारा म्हणाला आणि गाईंना पाणी दाखवायला निघून गेला.

हंगामाच्या पहिल्या पहाटे नॉर्बर्ट ओकच्या झाडावरच्या मचाणात, कमरेला दोर बांधून बसला होता. शेजाऱ्यांशी तह झाला होता, दोघांच्याही वस्तू बरोबर न्यायच्या. मनगटावर जीनचा पट्टा, छातीच्या खिशात पाद्रीबाबांचा अंगठ्याचा, मुठीत बिजागरी. धुकं जमिनीवर पसरलेलं. ओकची फळं टपटप पडत होती आणि प्रत्येक टपटप पावलासारखी वाटत होती. प्रत्येक वेळी तो मान वळवून बघायचा. तासाभरात नॉर्बर्ट हरणाविनाच दमला.

मग जे आलं त्याचा आवाजच झाला नाही. धुक्यातून एक नर बाहेर आला, मानेने जाड, शिंगांवर झाडाची ओली साल लोंबत असलेला. तो झपाझप चालला होता. आणखी थोडं चालला असता तर झाडीत गेला असता. नॉर्बर्ट उठला, त्याने बिजागरी दोरीकडे नेली आणि घामेजल्या बोटांतून ती निसटली.

शिडीच्या पायरीवर ती आपटली. टिंग!

हरीण जागच्या जागी थिजलं. मान वर, कान ताठ. नॉर्बर्टही थिजला. त्याच्या नाकाच्या शेंड्यावर डास बसला. त्याने डासाला पोटभर जेवू दिलं.

बऱ्याच वेळाने हरणाने मान खाली घालून एक फळ उचललं. नॉर्बर्टच्या मनगटावर जीनचा चाप तयार लोंबत होता. दुसरा विचार करायला वेळ नव्हता. त्याने तो दोरीत अडकवला, ओढला, टिपका हरणाच्या खांद्यामागे सरकवला. छातीवर कोवळ्या मेपलच्या दोन काड्या आडव्या येत होत्या. टिपका जवळ गेला आणि तर्जनी उठली. गेल्या वर्षीसारखीच, तीच वळवळ, तीच भूक. मेपलची लाल पानं नॉर्बर्टच्या डोळ्यांपुढे आली. आणि ओढ्याकाठी काही न बोलता उभा राहिलेला म्हातारा.

त्याने ती तर्जनी चापाच्या मागे खुपसली आणि तिथेच दाबून धरली. खांदे जळत होते. मग त्याने दोरी इंच इंच करत परत नेली. बाण धनुष्यावरच राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच तो राहिला होता.

हरीण दोन पावलं पुढे आलं. मोकळ्यात. नॉर्बर्टने पट्ट्याचा आकडा सोडवला, छातीच्या खिशाचं बटण काढलं. ते बटण निघायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात त्याचे उरलेसुरले केस पांढरे झाले असावेत. अंगठ्याचा दोरीत अडकवला. ओढला. अंगठा टेकवला आणि श्वास घेतला, आणि तळघरात आवळायचा तशी पाठ आवळत गेला.

बाण सुटलेला त्याला ऐकू आला. हरणाने उडी मारली आणि ते धुक्यात गेलं.

बाण लागलेल्या हरणाला लगेच उठवायचं नाही, या नियमाप्रमाणे तो खाली न उतरता बसून राहिला. त्याने लोर्नाला फोन लावला आणि नुसता श्वास घेतला. "आले," ती म्हणाली. ती आली, आणि शेताच्या पलीकडच्या मचाणावरून म्हातारा आला. पानांवर ठिपके होते. तिघे वाकून चालले. ठिपके दाट झाले, मग विरळ, आणि एका पडलेल्या खोडापाशी संपले.

नॉर्बर्ट उभा राहिला. त्याला पुढे जाववेना. सगळं रान त्याच्याकडे बघतंय असं त्याला वाटलं.

"नॉर्बर्ट," लोर्ना खोडावरून पलीकडे वाकून म्हणाली, "इकडे ये."

हरीण खोडामागेच होतं. बाण खांद्यामागून आरपार गेला होता. ते खोडावरून उडी मारून पलीकडे पडलं ते पुन्हा उठलंच नव्हतं. ऑर्विलनी टोपी काढली. नॉर्बर्ट ओल्या पानांत बसला, त्याने हरणाच्या मानेवर हात ठेवला. ती अजून गरम होती. हाताची पाचही बोटं आता थरथरत होती, आणि त्याला त्यातल्या एकाचाही राग आला नाही.

शुक्रवारी गावातल्या गुत्त्यात नेहमीसारखी तळलेल्या माशांची पंगत होती. नॉर्बर्ट, लोर्ना आणि म्हातारा बसले होते तोच जीन, पाद्रीबाबा आणि मर्ना तिघेही खुर्च्या ओढून त्याच टेबलाशी आले. कोणी कोबीच्या कोशिंबिरीलाही हात लावला नाही.

"कुठला?" जीनने विचारलं.

पुढच्या वर्षीच्या दोन्ही संमत्या नॉर्बर्टच्या डोळ्यांपुढून गेल्या. लोर्नाने टेबलाखालून त्याला लाथ मारली, पण ती खरं बोल म्हणून होती की खोटं बोल म्हणून, ते कळलं नाही.

"अंगठ्याचा," तो म्हणाला.

पाद्रीबाबांनी डोळे मिटले आणि अत्यंत नम्रपणे मान हलवली. जीनचा चेहरा पडला.

"पण पट्टा? पट्टा मनगटावर होता ना?"

"होता. पहिल्यांदा तोच लावला. काड्या आडव्या होत्या म्हणून परत घेतला."

"मग!" जीनने टेबलावर थाप मारली. "परत घेता आला तो पट्ट्यामुळे! मनगटाला आधार कोणाचा?"

"आणि माझी बिजागरी?" मर्ना म्हणाली.

"ती खाली पडली. टिंग झालं. हरीण थांबलं."

"ऐका!" मर्ना सगळ्या गुत्त्याला म्हणाली. "थांबवलं माझ्या बिजागरीने! नाहीतर गेलं होतं झाडीत! आणि ओढायला कोणी शिकवलं?"

मग तिघांनी मिळून ते हरीण मारलं. कोणी थांबवलं, कोणी सावरलं, कोणी सोडलं, याचा हिशेब मासे थंड होईपर्यंत चालला. शेजारच्या टेबलावरचे लोकही खुर्च्या वळवून त्यात शिरले.

"म्हणजे," शेवटी तो दुखावल्या स्वरात म्हणाला, "मी काय केलं?"

त्याच्याकडे कोणी बघितलं नाही. जीन चमच्याने मर्नाला कोन समजावत होता. म्हाताऱ्या ऑर्विलनी मात्र हातातला काटा खाली ठेवला.

"मी पलीकडच्या मचाणावरून दुर्बिणीतून बघत होतो," ते म्हणाले. फक्त नॉर्बर्टला ऐकू जाईल एवढंच. "पहिल्यांदा तू दोरी ओढलीस. मला वाटलं, झालं, सोडतोय हा. सोडला नाहीस."

त्यांनी काटा पुन्हा उचलला, माशाचा तुकडा मोडला, आणि मग राईच्या पावाची टोपली टेबलाच्या मधोमध वाद घालणाऱ्यांच्या हातांखालून काढून जावयासमोर ठेवली.